पब वाचला, धक्का गेला

लंडनमधल्या वॉपिंगला, थेम्सच्या काठी, एका पबच्या भिंतीला लागून एक बोळ आहे. समोरून कुणी आलं तर अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं, इतका अरुंद. बोळाच्या टोकाला दगडी पायऱ्या आणि पायऱ्या संपतात तिथे नदी. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि त्यापुढे पाण्याने उघडा टाकलेला किनारा: झिजून गोल झालेले विटांचे तुकडे, कालवांची शिंपलं, गंजलेले जाड खिळे आणि खडूच्या कांड्यांसारखे दिसणारे पांढरे तुकडे. ते खडू नव्हेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी खलाशी आणि हमाल मातीच्या पाईपमधून तंबाखू ओढायचे, पाईप फुटला की नदीत भिरकावून द्यायचे. त्या पाईपच्या या नळ्या. वाकून पाहिलं तर एका नळीचं मधलं भोक अजून शाबूत होतं. परवान्याशिवाय इथलं काही उचलायला बंदी आहे, म्हणून नुसतं पाहिलं आणि उठलो.

मान वर केली तर डोक्यावर गळफास. पबच्या मागच्या बाजूला, नदीच्या अंगाला, एका खांबावरून दोराचा फास टांगून ठेवलाय. वर गच्चीत बसलेली मंडळी हातातला ग्लास खाली ठेवून त्याचे फोटो काढत होती.

या पबचं नाव 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी'. पाटीवर साल १५२०. लंडनमधला नदीकाठचा सर्वांत जुना पब म्हणून तो ओळखला जातो. आधी त्याचं नाव 'पेलिकन' होतं. चोर आणि तस्कर यांच्या राबत्यामुळे लोक त्याला 'सैतानाचा गुत्ता' म्हणायचे. पुढे आग लागली, इमारत नव्याने उभी राहिली आणि नाव बदललं. जुन्यापैकी उरली ती पायाखालची दगडी फरशी. आत गेलं की कथिलाच्या पत्र्याने मढवलेला लांब काउंटर, त्याला आधार म्हणून लाकडी पिंपं आणि जहाजाच्या डोलकाठ्यांसारखे खांब. बाहेरच्या बोळाचं नाव मात्र अजूनही 'पेलिकन स्टेअर्स'. पबने नाव टाकलं, पायऱ्यांनी ठेवलं.

ही इमारत वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. ती सरकारी वारसा यादीत आहे, तिच्या एका विटेला हात लावायचा तर परवानगी काढावी लागते. असे कायदे हवेतच. पण त्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर एक प्रश्न मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. या पबला पब करणारी माणसं, त्यांचं काम, त्यांची घरं, त्यांचा धक्का, यातलं काय वाचलं? आणि जे वाचलं नाही, त्याची निदान नोंद तरी या भिंतींवर कुठे आहे का? मला ती दिसली नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं काय करायचं हा वाद आपल्याकडे चालू असताना हा प्रश्न आपल्यालाही चुकवता येणार नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात नावापासूनच करू. 'प्रॉस्पेक्ट' हे एका जहाजाचं नाव. व्हिटबी हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं यॉर्कशरमधलं बंदर. न्यूकॅसलच्या टाइन नदीवर कोळसा भरायचा, समुद्रमार्गे खाली यायचं आणि थेम्समध्ये नांगर टाकायचा, हा या जहाजांचा धंदा. 'प्रॉस्पेक्ट' पबजवळच्या पाण्यात नेहमी उभं असायचं, म्हणून लोक पबलाही तेच नाव देऊ लागले. लंडनची चूल, लंडनचं धुकं आणि लंडनचे कारखाने या कोळशावर चालत होते. कॅप्टन जेम्स कुकची उमेदवारी व्हिटबीच्या अशाच कोळशाच्या जहाजांवर झाली. पुढे ज्या 'एंडेव्हर'वरून तो पॅसिफिकला गेला, तेही मूळचं व्हिटबीला बांधलेलं कोळशाचंच जहाज. त्याची बायको एलिझाबेथ बॅट्स ही वॉपिंगच्याच एका पबवाल्याची मुलगी. लग्न १७६२ सालचं. जगाचा नकाशा बदलणाऱ्या माणसाची सासुरवाड हा एक गुत्ता होता, आणि वॉपिंगमध्ये यात कुणाला काही विशेष वाटलं नसणार. खलाशी उतरायचा पबमध्ये, पगार मोजून घ्यायचा पबमध्ये, पुढच्या जहाजाची खबर लागायची पबमध्ये. लग्नंही तिथेच जमायची.

कुकची कथा सगळे सांगतात. त्याच जहाजांमधून कोळसा उतरवणाऱ्यांची कोण सांगतं? त्यांना 'कोल-व्हिपर' म्हणत. नऊ जणांची टोळी असे. चौघे जहाजाच्या पोटात उतरून टोपल्या भरायचे. चौघे वर दोर धरून तीन-चार पायऱ्यांच्या घडवंचीवर चढायचे आणि एकदम एकत्र खाली उडी टाकायचे; त्यांच्या अंगाच्या भाराने टोपली सर्रकन वर यायची. नववा ती धरून मापाच्या पेटीत उलटी करायचा. पुन्हा चढायचं, पुन्हा उडी. दिवसभर, नाकातोंडात काळी भुकटी जात असताना. आज क्रेन जे काम करते ते तेव्हा माणसाचं वजन करत होतं.

आणि या टोळ्यांना काम कोण देत असे? पबवाला. जहाजाचा कप्तान पबवाल्याशी किंवा त्याच्या मध्यस्थाशी ठरवायचा, पबवाला टोळी नेमायचा. काम हवं तर त्याच्याकडे आधी प्यायला हवं. मजुरी त्याच्याच काउंटरवर मिळायची आणि खात्यावर मांडलेली दारू त्यातूनच कापून घेतली जायची. कमी पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळायचं नाही. घरी बायकोच्या हातात काय पडत असेल ते सांगायला नको. ही लूट इतकी उघड होती की अखेर १८४३ मध्ये पार्लमेंटला कायदा करून स्वतंत्र कचेरी उघडावी लागली. मजुरांची नावं नोंदवायची, पाळीप्रमाणे काम द्यायचं आणि मजुरी पबबाहेर चुकती करायची. पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन तेव्हा सरकारच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते. या कायद्यामागे त्यांचा हात होता.

मुंबईच्या गोदीत ज्यांच्या घरातल्या कुणी काम केलंय त्यांना हे परकं वाटणार नाही. आपल्याकडे टोळीवाले होते. टोळीवाल्याची मर्जी असेल तर काम, नसेल तर फाटकाबाहेर उभं राहायचं. तो पाश सैल करायला १९४८ चा गोदी कामगार कायदा आणि त्यानंतरचं गोदी कामगार मंडळ यावं लागलं. लंडनचा कायदा आणि मुंबईचा कायदा यांच्यात शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे, पण रोगाचं निदान तेच: माणसाची भाकरी एकाच मध्यस्थाच्या मर्जीवर असणं.

'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' या नावातच कोळसा आहे. पण पबमध्ये बसलेल्या माणसाला चार्ल्स डिकन्स इथे येत असे हे सांगितलं जातं, टर्नर आणि व्हिसलर या चित्रकारांनी इथून नदी रेखाटली हे सांगितलं जातं, सतराव्या शतकातला प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स येऊन गेला हे सांगितलं जातं. नऊ जणांच्या टोळीची आठवण करून देणारं तिथे काहीच नाही. जुनी वास्तू जपताना आपण तिच्यातली मोठी माणसं ठेवतो आणि बाकीची गाळतो. हे मुद्दाम कुणी करत नसेलही. पण पर्यटकाला गोड वाटेल तेवढंच निवडलं की आपोआप असंच होतं.

फासाचंही तेच झालं आहे. वॉपिंगला 'एक्झिक्यूशन डॉक' होता, म्हणजे समुद्री गुन्हेगारांना फाशी द्यायचा धक्का. सुमारे चारशे वर्षं तिथे चाचे लटकवले गेले. ओहोटीच्या रेषेजवळ फाशी द्यायची आणि तीन भरत्या प्रेतावरून जाऊ द्यायच्या, अशी पद्धत होती. शेवटची फाशी १८३०. खरी जागा पबपासून थोडी नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या वॉपिंग स्टेशनच्या आसपास. पण तिची आठवण आज तीन पब आपापल्या परीने विकतात. त्यातला 'कॅप्टन किड' नावाचा पब तर १९८० च्या दशकात सुरू झाला; मी ज्याला जुना-पुराणा समजून आत शिरलो होतो तो माझ्यापेक्षाही वयाने लहान निघाला.

ज्याच्या नावाने तो चालतो त्या विल्यम किडला इथे २३ मे १७०१ रोजी फाशी झाली. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवला. नंतर प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून टिलबरीला नदीच्या तोंडाशी टांगून ठेवलं, जहाजांतल्या लोकांना दहशत बसावी म्हणून. हा किड आपल्या पाण्यात फिरत होता. १६९७ मध्ये तो लाकूडफाटा आणि पाणी घ्यायला कारवारला थांबला. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्यावर 'केदा मर्चंट' नावाचं मोठं जहाज लुटलं. बंगालहून सुरतेकडे निघालेलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, रेशीम आणि मलमलीने भरलेलं जहाज. त्यात मुघल दरबारातल्या एका बड्या असामीचाही माल होता. सुरतेत हलकल्लोळ झाला आणि त्याची झळ ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीला बसली. किडला फासावर चढवण्यामागे कंपनीला मुघलांपुढे आपली अब्रू राखायची होती, हे मोठं कारण होतं. म्हणजे वॉपिंगच्या त्या दोराचं एक टोक सुरतेत आहे. हे कळलं की तो दोर शोभेचा राहत नाही. अरबी समुद्रातल्या व्यापाराचा, धमकावण्याचा आणि देण्याघेण्याचा तो एक कागद होतो. पण असं वाचायला शिकवणारं तिथे काही नाही.

आता आपल्या माणसांबद्दल. लष्कर या शब्दावरून इंग्रजांनी 'लॅस्कर' केला आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या खलाशांना तो लावला. सारंग आणि टंडेल हे आपले शब्द त्यांच्या जहाजांच्या कागदपत्रांत गेले. कोकणात आजही टंडेल आडनावाची घरं आहेत. मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, जेवणखाणाच्या विभागात गोव्याचे ख्रिस्ती, आणि इंजिनाच्या भट्टीशी पंजाब किंवा सिल्हेटचे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे ५०,००० हून अधिक खलाशी होते. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, आणि झोपायला जागाही कायद्यानेच कमी. कोकणात खाडीकाठच्या गावांमध्ये 'तो बोटीवर असतो' एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. कुठल्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, हे घरच्यांनाही ठाऊक नसायचं.

लंडनला माल उतरला की जहाज परतीचा माल मिळेपर्यंत उभं राही आणि खलाशी वाऱ्यावर सोडला जाई. परतीचं जहाज मिळेपर्यंत महिने जात. हिवाळ्यात, अंगावर सुती कपडे, खिसा रिकामा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शॅडवेलमध्ये, म्हणजे या पबपासून हाकेच्या अंतरावर, कंपनीच्या खलाशांना कोंबून ठेवायच्या जागा होत्या. तिथल्या हालअपेष्टांचा इतका बोभाटा झाला की १८१४-१५ मध्ये पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे १८५७ मध्ये लाइमहाउसला, पबपासून मैल-दीड मैलावर, आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. महाराजा दुलीपसिंगांनी त्याला देणगी दिली होती. ते १९३७ मध्ये बंद झालं. त्याच सिल्हेटच्या खलाशांपैकी काही जण बोट सोडून शहरात राहिले, आणि आज ईस्ट एंडमध्ये जो मोठा बांगलादेशी समाज आहे त्याच्या मुळाशी ती माणसं आहेत. आपल्या कोकणातले बहुतेक परत आले. गावी मशिदीला, शाळेला, विहिरीला पैसे दिले आणि गप्प राहिले.

म्हणून वॉपिंगची कथा सांगताना नुसत्या चाच्यांची आणि चित्रकारांची सांगितली की मला ती अपुरी वाटते. अपुरी म्हणतोय ते आपल्या माणसांच्या अभिमानापोटी नव्हे. त्या खलाशांमुळेच ती वस्ती श्रीमंत झाली. पण ज्यांच्या घामावर धक्का उभा राहिला त्यांची नावं धक्क्यावर नाहीत.

धक्क्याचं पुढे काय झालं? लंडन डॉक्स १८०५ मध्ये उघडले, सेंट कॅथरिन डॉक १८२८ मध्ये. सेंट कॅथरिनसाठी सुमारे ११,००० माणसांना उठवलं गेलं, आणि त्यातल्या भाडेकरूंच्या हाती काही पडलं नाही. तेव्हा ज्या 'जुन्या' गोदीसाठी आज हळहळ वाटते ती गोदीही कुणाच्या तरी घरांवर उभी राहिली होती, हे विसरून चालणार नाही. १८८९ मध्ये याच गोद्यांमधल्या कामगारांनी तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून पाच आठवडे संप केला आणि जिंकला. मग १९६० च्या दशकात कंटेनर आले. जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी आणि मोकळी जमीन हवी होती. काम टिलबरीला गेलं. सेंट कॅथरिन १९६८ मध्ये बंद झालं, लंडन डॉक्स १९६९ मध्ये. १९८१ मध्ये सरकारने गोदीच्या साडेआठ चौरस मैलांसाठी एक विकास महामंडळ नेमलं, आणि नियोजनाचे अधिकार निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलांकडून काढून त्याला दिले. पुढच्या सतरा वर्षांत मसाले आणि चहाच्या गोदामांची महागडी घरं झाली. पश्चिमेकडची गोदी त्याआधीच भरून टाकलेली होती. तंबाखूच्या गोदामात मॉल केला, तो चालला नाही. पबच्या अगदी समोर १८९० चं हायड्रॉलिक वीजघर आहे; वीजघर म्हणतोय खरं, पण तिथून वीज नव्हे तर दाबाचं पाणी नळांतून शहरभर जायचं आणि त्यावर क्रेन, लिफ्ट, पूल चालायचे. ते १९७७ पर्यंत चालू होतं. पुढे काही वर्षं तिथे कलादालन होतं, नंतर तेही गेलं.

आणि नदी? वॉपिंगमध्ये थेम्सच्या काठाने सरळ चालताच येत नाही. मध्ये इमारती आडव्या येतात, वाट आत रस्त्यावर वळते, काही फाटकं संध्याकाळी बंद होतात. जिथे उतरायला पायऱ्या होत्या त्यातल्या अनेक आता कुलपाआड आहेत. जुन्या काळी या पायऱ्या म्हणजे रस्तेच होते. नावाडी तिथून उतारू घ्यायचे. 'पेलिकन स्टेअर्स' उघड्या आहेत म्हणून मला पाण्यापर्यंत जाता आलं, नाहीतर नदीकाठच्या पबला जाऊन मी नदी काचेतूनच पाहिली असती.

इथे कुणीही विचारेल: बंदर गेलं ते कंटेनरमुळे, त्याला कायदा काय करणार? आणि ती जुनी वस्ती काय इतकी चांगली होती? १५९८ मध्येच लंडनचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन स्टोने वॉपिंगला घाणेरडी, चिंचोळी वाट म्हटलं होतं. पटकी होती, दारिद्र्य होतं, मारामाऱ्या होत्या. ते परत हवंय का?

नको. कोल-व्हिपरची उडीही परत नको आणि त्याच्या मजुरीतून दारू कापणारा पबवालाही नको. मी भूतकाळात परत जायचं म्हणत नाही. पण काम गेलं म्हणून माणसांनीही जावं, हे कंटेनरने ठरवलेलं नव्हतं. तो निर्णय कागदावर झाला, सह्या होऊन झाला. घरं कुणासाठी बांधायची, काठ कुणाला मोकळा ठेवायचा, पायऱ्यांना कुलूप लावायचं की नाही, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय होते. ते वेगळेही घेता आले असते.

कायद्याचा हात पोचतो हे लंडननेच दाखवलंय. एप्रिल २०१५ मध्ये मैडा व्हेलजवळचा 'कार्लटन टॅव्हर्न' हा १९२०-२१ मध्ये बांधलेला पब मालकाने परवानगी न घेता बुलडोझर लावून पाडला. त्याला वारसा दर्जा मिळण्याच्या बेतात होता. लोक खवळले. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने हुकूम काढला: होता तसा पुन्हा बांधा, विटेवर वीट. मालक अपिलात गेला, हरला. २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये कुठलाही पब पाडायचा किंवा त्याचं दुसरं काही करायचं तर नियोजन परवानगी घ्यावीच लागते. म्हणजे नुसत्या विटा नव्हे, जागेचा वापरही कायद्याने राखता येतो, हे तिथल्या समाजाने मान्य केलं आहे. 'लोक इथे एकत्र बसतात' ही गोष्टसुद्धा जपण्याजोगी ठरली. हे मला फार मोलाचं वाटतं. मग 'लोक इथे राहतात', 'लोक इथून पाण्यात उतरतात' याला तोच न्याय का नाही? पबला दर्जा आहे, पायऱ्यांनाही काही ठिकाणी आहे, वस्तीला नाही. वारसा यादीत तसा रकानाच नाही.

हा रकाना आपणही ठेवलेला नाही, आणि आपल्याला तो लवकर हवा आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट ॲथॉरिटीची, सुमारे १८०० एकर जमीन आहे: ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत. तिचं काय करायचं यावर २०१४ पासून समित्या, आराखडे आणि चर्चा चालू आहेत. लंडनच्या गोदीचं उदाहरण या चर्चेत हमखास येतं, काचेच्या उंच इमारतींसह. ते यायलाच हवं, पण पूर्ण यायला हवं.

आपल्याला तर लंडनपर्यंत जायचीही गरज नाही. गिरणगाव आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराला आणि एक तृतीयांश स्वस्त घरांना असं ठरलं होतं. २००१ मध्ये शब्द बदलले आणि हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता राहिला. गिरण्यांखाली मोकळी जमीन होतीच किती? आज मॉलच्या आवारात एखादी चिमणी उभी दिसते, रंगवलेली, दिवे सोडलेली. वॉपिंगचा फास पाहिला तेव्हा मला ती चिमणी आठवली. भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला त्या आवारात आज चहासुद्धा परवडत नाही.

पूर्व किनाऱ्यावर अजून नावं जिवंत आहेत. लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर. 'हे' हा इंग्रजी शब्द, म्हणजे वाळलेलं गवत. घोड्यांसाठी गवत उतरायचं तिथे. भाऊच्या धक्क्याला सरकारदरबारी 'फेरी व्हार्फ' म्हणतात, पण रेवसला जाणारा माणूस दीडशेहून अधिक वर्षं भाऊच्याच धक्क्याला जातो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊंचं नाव लोकांच्या तोंडाने राखलं. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांचे कूड आहेत, गावागावाचे क्लब, बोट मिळेपर्यंत स्वस्तात पथारी टाकायला. कोपऱ्यात देव्हारा, भिंतीला लागून ट्रंका. लंडनच्या 'स्ट्रेंजर्स होम'चं काम आपल्या माणसांनी स्वतःच्या वर्गणीतून इथे केलं. लंडनचं घर गेलं. यातले काही कूड अजून आहेत. मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. ज्या खलाशांची कबर समुद्रात आहे त्यांची ती एकच जमिनीवरची जागा. मुंबईकरांपैकी किती जणांनी ती पाहिली असेल?

माझं मागणं मोठं नाही. पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यात पहिली रेघ पाण्यापर्यंतच्या वाटांची असावी, आणि त्या वाटांना फाटक नसावं; माझगावच्या कोळ्याला होडी लावता यावी आणि डोंगरीच्या पोराला पायऱ्यांवर बसता यावं. ज्या वस्त्या आज तिथे आहेत, दारुखान्यातल्या आणि कॉटन ग्रीनच्या, त्यांची घरं त्याच जागेवर आधी बांधली जावीत, उरलेल्या जागेचा विचार नंतर. कूड, गोदी कामगारांच्या खानावळी आणि युनियनच्या कचेऱ्या या 'वापरा'च्या जागा म्हणून नोंदवाव्यात, जशी लंडनने पबची नोंद केली. एखाद्या जुन्या गोदामाची कमान राखून आत काहीही करू द्यायचं, हे वारसा जपणं नव्हे.

आणि पाट्या. कोळसा बंदरावर पाटी लागेल तेव्हा तिच्यावर कोणा गव्हर्नरने कोनशिला बसवली एवढंच असू नये. बोटीतून कोळसा कसा उतरायचा, टोळीत किती माणसं असायची, मजुरी कोण द्यायचं आणि त्यातून काय कापलं जायचं, ते लिहिलेलं हवं. हे सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कुणी शिवडीच्या चाळीत, कुणी बोटीवरून परत येऊन रत्नागिरीच्या खाडीकाठी. टेप आणि वही घेऊन त्यांच्याकडे या पावसाळ्याआधी जायला हवं.